वेरूळची राणी आणि निवृत्त प्रवासी विमानांचे जतन

जुन्या वस्तूंच्या जतनाचा विषय निघाला म्हणजे आपल्यासमोर ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरींची बाडे आणि पडक्या गढ्यांचे बुरूज उभे राहतात. जे हातांनी घडविले आणि शतकांपूर्वी घडविले तेच जपावयाचे, अशी आपली समजूत आहे. यंत्राच्या वाट्याला हा आदर सहसा येत नाही. यंत्र चालते तोवर कामाचे आणि थांबले की मोडीचे, हा आपला व्यवहार. आणि प्रवासी विमानाच्या बाबतीत तो जितक्या कठोरपणे पाळला जातो तितका क्वचितच दुसऱ्या यंत्राच्या बाबतीत पाळला जात असेल. रेल्वेचे जुने इंजिन एखाद्या स्टेशनाच्या दारात उभे केलेले आढळते. जुनी तोफ तर तालुक्याच्या कचेरीसमोरही दिसते. परंतु ज्या विमानांनी आपल्या देशाची माणसे प्रथम आकाशमार्गाने युरोपात, जपानात आणि ऑस्ट्रेलियात नेली, ती पाहावयास कोठे जावे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकाला क्षणभर थांबावे लागते.

या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यात आहे. दाबोळीच्या विमानतळाजवळ, बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भारतीय नौदलाचे विमान-संग्रहालय १९९८ साली उघडण्यात आले. नौदलाच्या आकाशदलाचा इतिहास सांगणे हा त्याचा हेतू होय. त्याच्या आवारात सीलँड, फायरफ्लाय, सीहॉक, अलिझे, सीहॅरिअर अशी एकाहून एक नामांकित विमाने मांडलेली आहेत. या मंडळींत एक विमान आकाराने वेगळे उठून दिसते. लांब, निमुळते, किंचित बाक असलेले शरीर. पंख्यांची चार इंजिने. शेपटीवर एकाऐवजी तीन उभी पाती. त्याचा क्रमांक आयएन ३१५. पाहणारा त्याला नौदलाचे टेहळणी विमान समजतो, आणि ही समजूत खोटीही नाही. तथापि या विमानाचा जन्म टेहळणीसाठी झालेला नव्हता. त्याची मूळ नोंद व्हीटी-डीएचएम अशी असून ते एअर-इंडिया इंटरनॅशनलचे, लॉकहीड सुपर कॉन्स्टलेशन जातीचे प्रवासी विमान होते. कंपनीने त्याला नाव दिले होते ‘रानी ऑफ एलोरा’. एलोरा म्हणजे आपले वेरूळ. तेव्हा या लेखापुरते आम्ही त्याला वेरूळची राणी म्हणू; आणि राणी म्हटल्यावर तिच्याविषयी स्त्रीलिंगी बोलणे ओघानेच आले.

राणीचे घराणे सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहानग्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले, तो आपल्या नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ मानतात. टपालाच्या थैल्यांवरून हा उद्योग माणसांच्या वाहतुकीकडे वळला. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली, आणि स्वातंत्र्याला वर्षही पुरे होण्याच्या आत, ८ जून १९४८ रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे लॉकहीड कॉन्स्टलेशन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले. या जातीच्या पहिल्या विमानाने ९ जानेवारी १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, अमेरिकेत उड्डाण केले होते. आतील कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय असल्यामुळे ते वादळी थराच्या वरून जाऊ शकत असे, आणि त्यामुळेच सामान्य प्रवाशाला दूरचा विमानप्रवास सुसह्य झाला. एअर-इंडियाने आपल्या या विमानांना राजकन्यांची नावे दिली होती. त्यांपैकी एकीचे नाव ‘मराठा प्रिन्सेस’ होते.

१९५३ मध्ये विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढील वर्षापासून राजकन्यांच्या जोडीला राण्या येऊ लागल्या. कॉन्स्टलेशनचे शरीर लांबवून अधिक सामर्थ्याची इंजिने बसविलेली ही सुपर कॉन्स्टलेशन विमाने होत. लांबी सुमारे ११३ फूट, पंखांचा विस्तार १२३ फूट, प्रत्येक इंजिनाला अठरा सिलिंडर. झाशी, अजिंठा, वेरूळ अशी स्थळे त्यांच्या नावांत आली. नवस्वतंत्र देशाने परक्या कारखान्यात बांधलेल्या यंत्राला आपल्या लेण्यांचे नाव द्यावे, यात त्या काळाची एक आकांक्षा दिसून येते. या राण्यांनी लंडनची वाट तर राखलीच, शिवाय टोकियो, सिडनी आणि मॉस्को ही नगरे मुंबई-दिल्लीशी जोडली. उच्च शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी, शिष्टमंडळांतील पुढारी, डॉक्टर, गवई, व्यापारी, पतीकडे निघालेल्या नवविवाहिता, अशांचा पहिला आकाशप्रवास याच पिढीतील विमानांतून घडला.

राणीचे हे राज्य मात्र अल्पकाळ टिकले. १९६० मध्ये एअर-इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने आली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. आणि जून १९६२ मध्ये केवळ जेट विमाने चालविणारी जगातील पहिली विमानकंपनी म्हणून एअर-इंडियाची गणना झाली. ज्या दिवशी हा गौरव प्राप्त झाला, त्याच दिवशी पंख्यांच्या राण्या अनावश्यक ठरल्या. एरवी अशा विमानांचे पुढे काय होते हे ठरलेले असे: सुटे भाग काढून घ्यावयाचे, पत्रा भंगारवाल्यास द्यावयाचा. या राण्या वाचल्या त्या वायुसेनेने १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांपैकी अनेक आपल्याकडे घेतल्या म्हणून. दीर्घकाळ हवेत राहण्याचा त्यांचा गुण समुद्रावरील टेहळणीस उपयोगी पडला. १९७६ मध्ये सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे गेले, तेव्हा उरलेल्या राण्या दाबोळीच्या तळावर आल्या. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांची सेवा संपली. आणि त्यांपैकी एक, आपली वेरूळची राणी, पुढे संग्रहालयाच्या आवारात स्थिरावली.

दाबोळीचा आणि या जातीच्या विमानांचा संबंध याहूनही जुना आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या मोहिमेत भारतीय वायुसेनेच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बवर्षाव केला. त्या वेळी विमानतळावर दोन नागरी विमाने उभी होती: पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे कॉन्स्टलेशन कुळातील एक, आणि पोर्तुगीज इंडियाच्या कंपनीचे एक डीसी-४. हल्ल्यात ती दोन्ही अबाधित राहिली. संध्याकाळी कामगारांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने बुजविला, आणि रात्रीच्या अंधारात अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन ही विमाने कराचीकडे निसटली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्ता संपली. साडेचारशे वर्षांच्या राजवटीतील काही अखेरची कुटुंबे ज्या जातीच्या विमानातून गेली, त्याच जातीचे भारतीय विमान आज त्याच दाबोळीवर कायमचे उतरलेले आहे. गोव्याच्या शाळांतून मुक्तिसंग्राम शिकविताना ही एक गोष्ट सांगितली, तर संग्रहालयातील त्या मोठ्या विमानाकडे विद्यार्थी निराळ्या दृष्टीने पाहील.

राणीच्या नातलगांची कथा इतकी सुखाची नाही. लंडनची पहिली वाट पाडणारी ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी फ्रान्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळून नष्ट झाली. ४८ माणसे गेली. त्याच पर्वतावर २४ जानेवारी १९६६ रोजी एअर-इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ कोसळले आणि डॉ. होमी भाभांसह ११७ जण मृत्यू पावले. तेथील हिमनदी हळूहळू खाली सरकत असल्यामुळे या दोन्ही विमानांचे अवशेष दशकानुदशके पायथ्याशी येत राहिले आहेत. २०१२ मध्ये तिने ‘कांचनजंगा’वरील शासकीय टपालाची थैली परत केली, २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याचे वृत्त छापलेली १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे बर्फातून बाहेर आली. पत्रा आणि लोखंड येतच होते. परंतु जगाचे लक्ष वेधले ते त्या थैलीने आणि त्या वृत्तपत्रांनी. विमानातील माणसे काय नेत होती, काय वाचत होती, हे त्यांतून कळले.

‘काश्मीर प्रिन्सेस’ समुद्रात गेली. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेस निघालेल्या प्रतिनिधींना नेत असताना, हाँगकाँग येथे कोणी दडवून ठेवलेल्या बॉम्बचा तिच्यात स्फोट झाला. कॅप्टन डी. के. जटार यांनी जळते विमान दक्षिण चीनच्या समुद्रावर उतरविण्याचा प्रयत्न केला. सोळा जण दगावले, त्यांत जटारही होते, तिघे वाचले. वाचलेल्यांपैकी अभियंता ए. एस. कर्णिक यांनी पुढे विमानाच्याच नावाचे पुस्तक लिहून तो प्रसंग नोंदवून ठेवला. त्या विमानाला कोणत्याही संग्रहालयात जागा मिळणे शक्य नव्हते. परंतु एका माणसाने लिहिले, म्हणून ते विमान, त्याचा कप्तान आणि त्यातील सहप्रवासी आजही आपल्या परिचयाचे आहेत. या दोन उदाहरणांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधीत आहोत. कारण विमानाचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, या प्रश्नाचा धागा येथे हाती लागतो.

जगात इतरत्र प्रवासी विमाने कशी वाचली हे पाहू गेल्यास असे आढळते की, बहुतेक वेळी ती कोणाच्या तरी विशेष आस्थेमुळे वाचली आणि जेथे ती आस्था नव्हती तेथे संपूर्ण जातीच नाहीशी झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इंपीरियल एअरवेजच्या ‘एम्पायर’ जातीच्या मोठ्या उडत्या नौका इंग्लंडहून पूर्वेकडे येत. कराचीनंतर त्या राजस्थानातील राजसमंद, मग ग्वाल्हेर, मग अलाहाबाद आणि कलकत्ता अशा पाण्यावर उतरत उतरत जात. शिंद्यांच्या ग्वाल्हेरला तलावावर उतरणारे ते प्रचंड विमान पाहावयास मिळत असे, हे आज तेथील तरुणास सांगितले तर ते खरे वाटू नये. अशा ४२ नौका बांधल्या गेल्या. काही अपघातांत गेल्या, काही युद्धात, उरलेल्या मोडण्यात आल्या. आज जगात त्यांपैकी एकही अखंड शिल्लक नाही. युद्धाने थकलेल्या त्या वर्षांत धातूला किंमत होती; स्मृतीचा विचार कोणी केला नाही.

याच्या उलट एक विमान त्याच्या अपयशामुळे जपले गेले. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचे कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. त्याची सेवा २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर सुरू झाली. बरोबर वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून निघालेले एक कॉमेट वादळात तुटून पडले व ४३ जण ठार झाले. जानेवारी १९५४ मध्ये इटलीच्या एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कोसळली. मग फार्नबरो येथे एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून, त्याच्या कक्षात दाब वाढविण्याचा व उतरविण्याचा क्रम पुनःपुन्हा करण्यात आला. प्रत्यक्षातील आणि टाकीतील मिळून ३,०५७ उड्डाणांइतका ताण सोसल्यावर ते फाटले. वारंवारच्या ताणाने धातू थकतो, आणि चौकोनी छिद्राच्या कोपऱ्यापाशी हा ताण एकवटतो, हे यावरून निश्चित झाले. एल्बाच्या समुद्रातून काढलेला छताचा एक तुकडा लंडनच्या सायन्स म्युझियमने जपून ठेविला आहे. आज आपण निर्धास्तपणे ज्या विमानांत बसतो त्यांची सुरक्षितता या तुकड्याची ऋणी आहे.

कारखान्याच्या अभिमानानेही विमाने वाचतात. बोइंग कंपनीने स्वखर्चाने बांधलेले आणि १५ जुलै १९५४ रोजी प्रथम उडालेले ‘डॅश ८०’ हे ७०७ च्या कुळाचे मूळ पुरुष. ते १९७२ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेस देण्यात आले. मात्र त्यानंतर अनेक वर्षे त्याला वाळवंटात पडून राहावे लागले, कारण एवढी मोठी वस्तू ठेवण्यास छप्पर नव्हते. २००३ मध्ये वॉशिंग्टनजवळ नवे संग्रहालय उघडले तेव्हा कोठे ते आत गेले. त्याच्यासोबत गेलेले बोइंग ३०७ हे दाबयुक्त कक्ष असलेले पहिले प्रवासी विमान. त्याच्या जातीचे हे एकच अखंड उरलेले. वर्षानुवर्षे खपून त्याची डागडुजी झाली, आणि २८ मार्च २००२ रोजी एका उड्डाणात इंधन संपून ते सिॲटलच्या समुद्रात उतरले. सुदैवाने आतील चौघेही वाचले, आणि कारागिरांनी पुन्हा प्रारंभापासून काम केले. एकमेव वस्तू चालवून दाखवावी की स्थिर ठेवावी, या जुन्या वादात हे उदाहरण नेहमी दिले जाते. आमच्या मते ते स्वतःच पुरेसे बोलके आहे.

राष्ट्राभिमानाने वाचलेले विमान म्हणजे काँकॉर्ड. आवाजाहून दुप्पट वेगाने जाणारी अशी २० विमाने ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बांधली. १९७६ मध्ये त्यांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि २००३ मध्ये संपली. एक २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ जळून कोसळले, एक मोडण्यात आले, उरलेली अठराही जतन केलेली आहेत. त्यांपैकी एक स्कॉटलंडच्या ईस्ट फॉर्च्यून या गावी नेण्यासाठी पंख कापून, थेम्स नदीतून तराफ्यावर आणि पुढे समुद्रमार्गे न्यावे लागले. एखाद्या जातीच्या वीसपैकी अठरा व्यक्ती संग्रहालयांत पोहोचाव्यात, हे प्रवासी विमानांच्या इतिहासात अपूर्वच होय.

परंतु संग्रहालयात ठेवले म्हणजे वाचले, असा निष्कर्ष कोणी काढू नये. इंग्लंडात कॉसफर्ड येथे ब्रिटिश एअरवेजच्या जुन्या विमानांचा संग्रह होता. ही मोठी विमाने उघड्यावर उभी होती. त्यांच्या देखभालीचा पैसा थांबला, आणि २००६ मध्ये त्यांतील काही संग्रहालयाच्या आवारातच मोडण्यात आली. बोइंग ७०७ चे केवळ नाक ईस्ट फॉर्च्यूनला गेले. व्हीसी-१० चा पुढचा भाग ब्रुकलँड्सच्या संग्रहालयाने घेतला. उड्डाणांत जे टिकले ते जमिनीवरच्या पावसात टिकले नाही.

याचे कारण विमानाच्या द्रव्यातच आहे. विमानाचे शरीर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या पातळ पत्र्याचे असते. या पत्र्याला पोलादाचे खिळे व जोड भिडलेले असतात, आणि दोन भिन्न धातूंच्या सांध्यात खारे पाणी शिरले की क्षरण सुरू होते. उडत्या विमानाची तपासणी नियमाने होते, त्याचा सांधा न् सांधा उघडून पाहिला जातो. उभ्या विमानाच्या पोटात साचलेले पाणी कोण काढणार? उन्हाने रबर तडकते, रंग उडतो, छिद्रांतून पाखरे घरटी करतात, चाकांवर वर्षानुवर्षे भार पडून ती बसतात. बाहेरून रंग दिला म्हणजे विमान तजेलदार दिसते. क्षरण मात्र आतून चाललेले असते. कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पाऊस आणि समुद्राचा खारा वारा लक्षात घेता, दाबोळीच्या उघड्या आवारात राणी आजवर उभी आहे याचे श्रेय तिची काळजी घेणाऱ्या नौसैनिकांना दिले पाहिजे. तिच्या नावातील लेणे अखंड कातळात कोरलेले आहे आणि हजाराहून अधिक पावसाळे त्याने सोसले. तिच्या पत्र्याकडून ही अपेक्षा करणे योग्य नव्हे. तिला छप्पर हवे.

छपराइतकाच दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. एका विमानाला अनेक आयुष्ये असतात. त्यांपैकी कोणते दाखवावयाचे? ऑस्ट्रेलियातील लाँगरीच हे एकांतातील छोटे गाव. क्वांटास कंपनीच्या बाल्यावस्थेतील वर्षे तेथे गेली, म्हणून गावाने तिचे संग्रहालय उभारले. क्वांटासचे पहिले बोइंग ७०७ इंग्लंडात पडून होते; स्वयंसेवकांनी ते दुरुस्त केले, आणि २००७ मध्ये ते स्वतःच्या पंखांनी लाँगरीचला उतरले. गावाला सुपर कॉन्स्टलेशनही हवे होते. मनिलाच्या विमानतळावर अशा जातीचे एक विमान वर्षानुवर्षे कुजत पडले होते. २०१४ मध्ये ते लिलावात घेतले, २०१७ मध्ये गावी आणले आणि क्वांटासच्या जुन्या रंगसंगतीत सजविले. हे विमान मुळात अमेरिकन नौदलाचे. क्वांटासच्या सेवेत ते कधीच नव्हते. पण गावाला आपल्या प्रवाशांची आठवण उभी करावयाची होती, म्हणून त्याने लढाऊ सेवेतील विमानाला प्रवासी विमानाचे रूप दिले. दाबोळीला याच्या नेमके उलटे घडले आहे. येथे खरेखुरे प्रवासी विमान नौदलाच्या वेषात उभे आहे. यात नौदलाचा दोष मुळीच नाही; त्याने आपल्या सेवेचा भाग जपला, आणि तसे करताना नागरी विमानकंपनीचा वारसाही अनायासे वाचविला. प्रवाशांच्या बाजूने बोलणारे कोणी पुढे आले नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि ही उणीव आजही तशीच आहे. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे एक अखेरचे बोइंग ७४७ मुंबईहून कायमचे परदेशी निघून गेले. उड्डाण करताना वैमानिकाने पंख किंचित कलवून निरोप दिला, ते दृश्य पाहून अनेकांना गहिवरून आले. या जातीच्या विमानांनी आखाती देशांत, इंग्लंडात, अमेरिकेत गेलेल्या दोन पिढ्यांची ने-आण केली होती. आपल्या गोव्यातील, बेळगावकडील, हैदराबादेतील किती घरांचे भाग्य त्या प्रवासांनी पालटले! निरोपाला डोळे ओले झाले. परंतु निरोपाआधी जतनाचा विचार व्हावा लागतो, हे आपल्याला उशिरा सुचते. विमान एकदा खरेदीदाराकडे गेले म्हणजे भावनेला किंमत उरत नाही.

येथे कोणी विचारील की, साहित्य-अकादमीच्या नियतकालिकात हा विषय कशासाठी? आमचे उत्तर सरळ आहे. पत्रा जपणे हे अभियंत्यांचे आणि शासनाचे काम. त्यासाठी लागणारे द्रव्य आणि छप्पर आपल्या हाती नाही. परंतु विमानाच्या आतले जे होते, म्हणजे प्रवास, त्याचे जतन शब्दांनीच होऊ शकते. हिमनदीने परत दिलेली टपालाची थैली आणि कर्णिकांचे पुस्तक यांनी जे केले, ते रिकाम्या विमानाच्या कोणत्याही भागाला करता आलेले नाही. वेरूळच्या राणीच्या खुर्च्यांवर कोण बसले होते? पहिल्यांदा परदेशी निघालेल्या मुलाला कोणी काय बांधून दिले होते? खिडकीतून काय दिसले, पोहोचल्यावर पहिले पत्र काय लिहिले? याची उत्तरे आपल्या भागांतील घरांच्या ट्रंकांत, निळ्या हवाई पत्रांत आणि वृद्धांच्या आठवणींत आहेत. १९५५ मध्ये पंचविशीत असलेला प्रवासी आज नव्वदीच्या पुढे आहे. राणीच्या पत्र्याला अजून काही पावसाळे मिळतील. या साक्षीदारांना तितका अवकाश नाही.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली, आपल्या अकादमीने संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना नम्रपणे विनंती करावी की, आयएन ३१५ या क्रमांकाशेजारी तिचे पहिले नाव, पहिला नोंदणीक्रमांक आणि तिच्या पिढीने चालविलेले मार्ग मराठी, कोंकणी व इंग्रजी भाषांत ठळकपणे लिहावेत, आणि तिच्यावर छप्पर घालण्याचा प्रश्न शासनापुढे मांडण्यात आम्ही त्यांच्या सोबत आहोत असे कळवावे. दुसरी, गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे आणि हैदराबाद येथील शिक्षक-सभासदांनी आपापल्या शाळांतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांकडून एक छोटे काम करवून घ्यावे. घरातील किंवा शेजारातील ज्या वडीलधाऱ्याने १९७० पूर्वी विमानप्रवास केला असेल त्यांना भेटून प्रवासाचे वर्ष, मार्ग, कारण, सोबत नेलेल्या वस्तू आणि आठवणीत राहिलेला एखादा प्रसंग त्यांच्याच बोलीत लिहून आणावा. तिकीट, पत्र, छायाचित्र असल्यास त्याची प्रत जोडावी. विमानाचे नाव कोणास आठवत असेल तर ते आवर्जून टिपावे. त्या काळी विमानांना नावे होती आणि प्रवासी ती लक्षात ठेवीत. जमलेल्या नोंदींचे एक बाड अकादमीच्या ग्रंथालयात ठेवावे आणि दुसरी प्रत बोगमाळोच्या रस्त्यावरील त्या संग्रहालयास भेट द्यावी. येत्या सहामाहीतच या कामास आरंभ व्हावा, अशी आमची विनंती आहे.